ई-मेलचे टोपणपत्ते : उपयोग व मर्यादा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



पत्ता देणे ही व्यवहारातील अगदी साधी गोष्ट समजली जाते. दुकानदार विचारतो, अर्जात रकाना असतो, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर जागा सोडलेली असते. आणि शिक्षक आपला ई-मेलचा पत्ता लिहून मोकळा होतो. अनोळखी माणसाने घराचा पत्ता विचारला, तर खेड्यातील म्हातारी बाईसुद्धा ‘कोण पाहिजे? काय काम आहे?’ असे आधी विचारते. ई-मेलच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची सवय अद्याप अंगवळणी पडलेली नाही. ती सवय, आणि तिला साहाय्यभूत होणारे ‘टोपणपत्ता’ नावाचे साधन, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

पूर्वी पत्र धाडणाऱ्यास तिकिटाचा खर्च सोसावा लागे. म्हणून निरर्थक पत्रे फारशी येत नसत. ई-मेलमध्ये हा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेतील रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्याने 1971 साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीस संदेश पाठविण्याची सोय केली आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह योजिले. त्यानंतर सातच वर्षांनी, मे 1978 मध्ये, संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीने सुमारे 400 जणांस न मागता जाहिरातीचे पत्र एकदम पाठविले. अनाहूत टपालाचा, म्हणजे आज ज्यास ‘स्पॅम’ म्हणतात त्याचा, हा आरंभ मानला जातो. चारशे पत्रे पाठविण्यास जे श्रम पडले, त्याहून फारसे अधिक श्रम आज चाळीस लाख पत्रे पाठविण्यास पडत नाहीत. उपद्रवाचे मूळ येथे आहे.

पत्ता म्हणजे केवळ नाव नव्हे

अनाहूत पत्रांमुळे वेळ जातो, हे खरे. पण तेवढेच नुकसान असते, तर त्याकरिता भाषणाची आवश्यकता नव्हती. कर्जाच्या, सवलतींच्या व बक्षिसांच्या पत्रांच्या ढिगाऱ्यात गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचे पत्र दडते आणि माहिती पाठविण्याची तारीख टळते, ही त्याहून मोठी हानी. परंतु सर्वांत मोठी हानी निराळीच आहे.

ई-मेलचा पत्ता ही आता किल्ली झालेली आहे. बँकेचे खाते असो, खरेदीचे असो वा प्रशिक्षणाचे असो, संकेतशब्द विसरल्यास नवा संकेतशब्द बहुधा त्याच पत्त्यावर येतो. शिवाय एकच पत्ता दहा ठिकाणी दिला, की त्या दहाही ठिकाणची माहिती एका सूत्रात ओवता येते. अमुक शिक्षक कोणत्या गावी राहतो, काय विकत घेतो, कोणत्या औषधांची चौकशी करतो, हे सर्व एका पत्त्याच्या दोऱ्याने जोडले जाते.

हे दोरे कोणाच्या हाती जातील, हे पत्ता देणाऱ्याच्या अधीन राहत नाही. 2020 साली ‘बिगबास्केट’ ह्या किराणा पुरविणाऱ्या भारतीय कंपनीच्या सुमारे 2 कोटी ग्राहकांची माहिती चोरीस गेली. जानेवारी 2019 मध्ये निरनिराळ्या चोऱ्यांतून गोळा केलेला एक संग्रह उघडकीस आला. त्यात सुमारे 77 कोटी ई-मेल पत्ते होते. ग्राहकांचा ह्यात काही दोष नव्हता. त्यांनी विश्वासाने पत्ता दिला. तो ज्याच्याकडे ठेवला, त्याच्या कोठाराचे कुलूप तुटले. तात्पर्य, सावधपणे वागणाऱ्याचाही पत्ता बाहेर जाऊ शकतो. म्हणून एकदा दिलेला पत्ता परत घेता येईल, अशी काही तजवीज असणे इष्ट ठरते.

टोपणपत्ता म्हणजे काय?

मराठी वाचकास टोपणनाव नवे नाही. राम गणेश गडकरी कविता लिहीत ते ‘गोविंदाग्रज’ ह्या नावाने, विनोदी लेख लिहीत ते ‘बाळकराम’ ह्या नावाने, आणि नाटके लिहीत ती स्वतःच्या नावाने. लेखक एकच, कामपरत्वे नावे निराळी. टोपणपत्त्याचे तत्त्व हेच आहे. पत्रे येऊन पडण्याची पेटी एकच. परंतु निरनिराळ्या कामांकरिता तिला निरनिराळी नावे. इंग्रजीत ह्यास ‘एलियास’ म्हणतात. त्याचे दोन प्रमुख प्रकार शिक्षकांनी समजून घ्यावेत.

पहिला प्रकार : खुणेचा पत्ता

जीमेल ही सेवा बहुतेक शिक्षक वापरतात. तीत पत्त्यातील नावापुढे अधिक चिन्ह व त्यापुढे मनास येईल तो शब्द जोडता येतो. समजा, एखाद्या शिक्षिकेचा पत्ता ‘अबक ॲट जीमेल डॉट कॉम’ असा आहे. तिने ‘अबक+चित्रकला ॲट जीमेल डॉट कॉम’ असा पत्ता दिला, तरी पत्र तिच्या नेहमीच्या पेटीतच येते. याकरिता नवे खाते उघडावे लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही व पैसेही पडत नाहीत. पत्त्यात अर्थातच रोमन अक्षरे लिहावयाची. येथे केवळ समजण्यासाठी ती देवनागरीत दिली आहेत.

ह्या खुणेचे दोन उपयोग आहेत. पहिला असा की, पत्ता कोणाकडून फुटला हे समजते. चित्रकला स्पर्धेकरिता दिलेल्या पत्त्यावर उद्या कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या, तर स्पर्धेच्या आयोजकांनी तो पत्ता दुसऱ्यास दिला किंवा त्यांच्याकडून तो चोरीस गेला, हे उघड होते. दुसरा उपयोग असा की, त्या खुणेवर येणारी सर्व पत्रे एका नियमाने बाजूस काढता येतात. ह्या नियमास ‘फिल्टर’ म्हणतात. तो मोबाइलवरील जीमेलमध्ये तयार करता येत नाही. शाळेतील संगणकावर जीमेल उघडून करावा. वरच्या शोधचौकटीच्या टोकास असलेल्या खुणेवर टिचकी मारली, की काही रकाने उघडतात. पत्र कोणास आले ते लिहावयाच्या रकान्यात पूर्ण टोपणपत्ता लिहावा आणि त्या पत्रांस वेगळे लेबल लावावे किंवा ती सरळ कचरापेटीत जावीत असे सांगावे. एकदा हे केले, की पुन्हा लक्ष देण्याचे कारण उरत नाही.

मात्र ह्या प्रकाराची मर्यादा विसरू नये. खुणेच्या पत्त्यात मूळ पत्ता उघडाच असतो. अधिक चिन्ह व पुढील शब्द पुसून टाकला, की मूळ पत्ता हाती येतो. आणि पत्त्यांचा व्यापार करणाऱ्यांस ही युक्ती ठाऊक असते. शिवाय काही अर्ज अधिक चिन्ह स्वीकारतच नाहीत. अशा पत्रास उत्तर दिले, तर वेगळी व्यवस्था केली नसल्यास उत्तर मूळ पत्त्यावरूनच जाते. सारांश, खुणेचा पत्ता माग काढण्यास व वर्गवारी करण्यास उत्तम, लपविण्यास अपुरा.

दुसरा प्रकार : मार्फतीचा पत्ता

पूर्वी परगावी शिकणाऱ्या मुलास पत्र धाडताना पाकिटावर ‘मार्फत अमुक’ असे लिहीत. पत्र आधी त्या गृहस्थांकडे जाई व ते मुलास पोहोचते करीत. दुसऱ्या प्रकारचा टोपणपत्ता असाच आहे. एखादी सेवा वापरणाऱ्यास अक्षरे व अंक यांचा जुळविलेला एक निराळाच पत्ता देते. त्यावर आलेले पत्र ती सेवा मूळ पेटीकडे पाठविते. पाठविणाऱ्यास मूळ पत्ता कळत नाही. नको झाले, की तो एक पत्ता बंद करावा. बाकीचा व्यवहार अबाधित राहतो.

मोझिला ह्या संस्थेची ‘फायरफॉक्स रिले’ ही सेवा 2020 साली सुरू झाली. तीत 5 टोपणपत्ते विनामूल्य मिळतात. ‘डकडकगो’ची अशीच सेवा 2021 पासून आहे, ती विनामूल्य असून, पत्र उघडले की नाही हे पाठविणाऱ्यास गुपचूप कळविणाऱ्या अनेक खुणाही पत्रातून काढून टाकते. ‘सिंपललॉगिन’ ही सेवा 2022 साली ‘प्रोटॉन’ ह्या स्विस कंपनीने आपल्याकडे घेतली. ॲपलचे फोन वापरणाऱ्यांस ‘हाइड माय ई-मेल’ ही सोय मिळते. तिचा पूर्ण उपयोग मात्र मासिक शुल्क भरणाऱ्यांस होतो.

येथेही मर्यादा आहेत. मार्फतीचा गृहस्थ गाव सोडून गेला, की पत्रे अडतात; तसेच ही सेवा बंद पडली, तर तिचे सर्व टोपणपत्ते निरुपयोगी होतात. पत्रे तिच्या हातून जात असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून ज्या पत्रांवाचून संसार अडेल, ती मार्फतीच्या पत्त्यावर मागवू नयेत.

कोणता पत्ता कोठे द्यावा?

ह्या विवेचनावरून व्यवहाराचा एक नियम निघतो. शिक्षकाजवळ मूळ पेट्या दोन असाव्यात. पहिली पेटी वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बँक व कार्यालय यांच्यापुरती. तिचा पत्ता अन्यत्र कोठेही लिहू नये. दुसरी पेटी बाकीच्या जगाकरिता. आणि तिचेही मूळ नाव न देता, कामापरत्वे खुणेचे अथवा मार्फतीचे टोपणपत्ते द्यावेत. दुकान, स्पर्धा, पुस्तकांची सूची, एकदाच पाहावयाचे संकेतस्थळ, यांपैकी प्रत्येकास एकेक पत्ता.

ह्या योजनेचा खरा लाभ कोणता, तो वरील शिक्षिकेच्याच उदाहरणावरून पाहावा. समजा, एके दिवशी तिला पत्र येते : ‘आपले वेतनखाते आज सायंकाळी बंद होणार आहे, पुढील दुव्यावर टिचकी मारून माहिती भरावी.’ पत्रावर बँकेचे बोधचिन्ह आहे, भाषा कार्यालयीन आहे, आणि महिनाअखेर असल्यामुळे मन धास्तावलेले आहे. अशा वेळी पत्र खरे की खोटे हे भाषेवरून ओळखणे जाणत्यासही कठीण जाते. परंतु ते पत्र आले आहे ‘अबक+चित्रकला’ ह्या पत्त्यावर. बँकेस हा पत्ता कधी दिलेलाच नाही. मग बँकेने तो आणला कोठून? येथेच पत्राचे सोंग उघडे पडते. भामट्याने खुणेचा शब्द पुसला असता, तरी पत्र दुसऱ्याच पेटीत येऊन पडले असते. आणि दुसऱ्या पेटीत बँकेचे पत्र येण्याचे काही कारणच नाही. एका महिन्याचे वेतन, कदाचित आयुष्याची शिल्लक, पाकिटावरील पत्ता पाहण्याच्या सवयीने वाचते.

ह्यावरून, पहिल्या पेटीत आलेले प्रत्येक पत्र खरेच असते, असा मात्र उलटा अर्थ काढू नये. पैशासंबंधीचे पत्र कोणत्याही पेटीत आले, तरी त्यातील दुव्यावर न जाता बँकेच्या शाखेत अथवा बँकेच्या स्वतःच्या ॲपवर खात्री करावी. फसवणूक झालीच, तर 1930 ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे; विलंब जितका कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

शाळेच्या पत्त्याविषयी

शाळेचा ई-मेल ही मुख्याध्यापकाची खासगी मालमत्ता नव्हे, तसेच तो चव्हाट्यावरचा फलकही नव्हे. एकच पत्ता वरिष्ठ कार्यालय, पालक, पुस्तकविक्रेते व स्पर्धांचे आयोजक ह्या सर्वांस दिला जातो, आणि मुख्याध्यापकाची बदली झाली की नव्या मुख्याध्यापकास तो कोठे कोठे दिला आहे, हे समजण्यास मार्ग राहत नाही. शाळेत आवक-जावक नोंदवही असतेच. तिच्याच धर्तीवर टोपणपत्त्यांची एक लहान वही ठेवावी. तीत चार रकाने पुरेत : टोपणपत्ता, कोणास दिला, कोणत्या कामाकरिता व कोणत्या तारखेस दिला, आणि बंद केल्याची तारीख. कार्यभार सोपविताना ही वही यादीत नोंदवून द्यावी. संकेतशब्द मात्र ह्या वहीत कदापि लिहू नये.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत जबाबदारी अधिक आहे. शिक्षक स्वतःचा पत्ता देतो, तेव्हा धोका स्वतःचा पत्करतो; पण इयत्ता चौथीच्या वर्गाची यादी, जन्मतारखा व पालकांचे क्रमांक एखाद्या अनोळखी संकेतस्थळास देतो, तेव्हा धोका मुलांच्या माथी मारतो; आणि त्या मुलांस कोणी विचारलेले नसते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाच्या आहेत. ह्या कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून, तिची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. टोपणपत्ता शिक्षकाच्या पेटीचे रक्षण करतो. मुलांच्या यादीचे तो करू शकत नाही. ती यादी न मागणाऱ्यास न देणे आणि मागणाऱ्यास ‘कशाकरिता?’ असे विचारणे, हेच तिचे रक्षण.

वर्गातील एक पाठ

हा विषय सहावी-सातवीच्या मुलांस संगणकावाचूनही शिकविता येतो. एका मुलीने कागदाच्या तीन चिठ्ठ्यांवर आपला काल्पनिक पत्ता लिहावा; पहिलीवर पान, दुसरीवर फूल व तिसरीवर चांदणी अशी खूण करावी, आणि त्या तीन ‘दुकानदार’ मुलांस द्याव्यात. त्यांपैकी एकाने आपली चिठ्ठी वर्गाबाहेर जाऊन चौथ्या मुलास गुपचूप उतरवून द्यावी. चौथ्याने त्या पत्त्यावर, खुणेसह, ‘तुला बक्षीस लागले आहे’ असे पत्र लिहावे. पत्र वाचून कोणत्या दुकानदाराने पत्ता फोडला, हे मुलांनी शोधून काढावे. मग तोच खेळ खुणांवाचून खेळावा. ह्या वेळी चोर सापडत नाही. दोन्ही खेळांतील फरक मुलांनी आपल्या शब्दांत सांगितला, की पाठाचा हेतू सफल झाला. मुलांचे खरे पत्ते अथवा मोबाइल क्रमांक ह्या खेळात वापरू नयेत, हे सांगणे नलगे.

एक शंका

निराळे नाव देणे हा खोटेपणा नव्हे काय, अशी शंका काही शिक्षक घेतात. शंका योग्य आहे, कारण शिक्षकाच्या वर्तनाकडे गावाचे लक्ष असते. तिचे उत्तर असे की, खोटेपणा नावात नसून हेतूत असतो. टोपणपत्ता देणारा आपली जबाबदारी टाळीत नाही. पत्र त्यालाच पोहोचते, उत्तरही तोच देतो. तो केवळ एवढेच म्हणतो की, वह्यांच्या दुकानदारास माझ्याशी जेवढे काम आहे, तेवढीच माझी ओळख त्याने बाळगावी. मात्र दुसऱ्या व्यक्तीचे नाव घेणे, एकाच स्पर्धेत अनेक पत्त्यांनी भाग घेणे, अथवा निनावी पत्रे लिहिणे ह्यांकरिता कोणी टोपणपत्ता वापरील, तर तो सरळसरळ अपराध समजावा. शासकीय अर्जांत तर नोंदलेला खरा पत्ताच द्यावा.

टोपणपत्ता म्हणजे सर्वरोगहारी मात्रा नव्हे. सोपा संकेतशब्द, सर्वत्र एकच संकेतशब्द, मोबाइलवर आलेला क्रमांक दुसऱ्यास सांगणे, ह्या चुकांवर त्याचा उपाय चालत नाही. मोबाइल क्रमांक ज्यास दिला, त्याच्यापासून ई-मेल लपवून फारसे साधतही नाही. कठीण संकेतशब्द व दोन टप्प्यांची पडताळणी ही ठेवलीच पाहिजेत. टोपणपत्ता त्यांच्या जोडीस येतो, त्यांच्या जागी नव्हे.

आरंभ लहान असावा. ह्या आठवड्यात प्रत्येकाने एवढेच करावे : वेतनाची व बँकेची पेटी निराळी करावी, दुसऱ्या पेटीकरिता एक खुणेचा पत्ता योजून पाहावा, आणि वहीत पहिली ओळ लिहावी. पुढील परिषदेस येताना ती वही सोबत आणल्यास, कोणता पत्ता कोठून फुटला, ह्याची चर्चा सर्वांस उपयोगी पडेल.